आफ्रिकेचं नाव काढायचं नाही

आमच्या घरात आफ्रिकेचं नाव काढायचं नाही, असा आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा हुकूम होता. त्या हुकुमानं माणूस खाल्ला, हे मी आजही तोंडावर सांगेन.

माझे मालक राहुरीला पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. एका कंत्राटदारानं यांना वर्षभरासाठी आफ्रिकेला नेलं, तेव्हा आत्याबाईंनी गावात सांगितलं, पोरगा मुंबईला कारखान्यात लागला. "समिंदरापल्याड गेला म्हटलं की नजर लागती. लोकांच्या डोळ्यात येतं," असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं, पण विहिरीवर मीही मुंबईच सांगायचे.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर हे परत आले. वाळले होते, पण हसतमुख. पिशवीत कडूजहर गोळ्यांची बाटली होती. तिथला हिवताप रक्तात दडून राहतो, तेव्हा घरी गेल्यावरही महिना-दीड महिना दर रविवारी गोळी घ्यायची, असं तिकडच्या डॉक्टरनं बजावलं होतं. पहिल्याच रविवारी यांनी गोळी तोंडात टाकली आणि आत्याबाई कडाडल्या, "धडधाकट मानूस औषिद घेतो व्हय? दुखन्याला आवतान कशापायी धाडतोस?"

झालं! बाटली भिंतीतल्या दिवळीत गेली. मी म्हटलं, अहो, गपचूप घ्या की. तर हे म्हणाले, "इथं कुठनं यायचा तो ताप? आन् आईला लपवून न्हाई जमायचं मला."

दिवाळी सरली आणि यांना हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग घामानं अंथरूण भिजायचं. "आत्याबाई, हा तिकडचाच ताप आहे," मी म्हटलं.

"गप बस! अभद्र बोलू नगं."

डॉक्टर फटफटीवरून आले, तेव्हा आत्याबाईंनी मला पाण्याला पिटाळलं. परत येते तर ते निघूनही गेले होते. मुदतीचा ताप आहे, पेज द्या, असं सांगून गेले होते.

"कुठं होता ते सांगितलं का?" मी यांच्या कानाशी विचारलं.

"इचारलं त्यांनी. आई म्हनली मुंबई." यांचे ओठ फुटले होते. "मी काय आईला खोटं पाडू परक्या मानसापुढं?"

काय बोलायचं अशा माणसाला! राग आला, रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी हे बरळायला लागले. इंजिनाशी बोलायचे, मला ओळखायचे नाहीत. डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. या वेळी आत्याबाईंनी हंडा पुढं केला, तर मी तो पायानं सारला आणि पदर खोचून डॉक्टरांसमोर उभी राहिले. घरातल्या सुनेनं असं कधी केलं नव्हतं.

"मुंबई खोटी आहे," मी म्हटलं. "हे आफ्रिकेत होते." आत्याबाई माझ्या तोंडावर हात दाबायला धावल्या. तो झिडकारून मी गोळ्यांची बाटली डॉक्टरांच्या हातात दिली.

त्यांचा चेहरा उतरला. ते जीप बघायला धावले.

नगरच्या वाटेवर यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. विळद घाटात यांना घरघर लागली. दवाखान्यात सुया टोचल्या, सलाईन लावलं. यांनी डोळे उघडले नाहीत.

दहाव्याला बायका जमल्या होत्या. आत्याबाई ऊर बडवत म्हणाल्या, "हिनं नाव काढलं आन् माझं लेकरू गेलं." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनंही त्यांना अडवलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नजरेनं नाही गेलं तुमचं लेकरू," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "तुम्हाला खोटं पाडायचं जिवावर आलं त्याच्या, म्हणून गेलं."