हरणांसाठी पेरणी

आमच्या जर्सी सिटीच्या सॉफ्टवेअर ऑफिसातल्या टोळक्याचे किस्से सांगायला बसलं, की एकाला दुसरा चिकटून येतो आणि चहा पार निवून जातो. तरी २००४ सालचे, नंदूच्या शेताचे, सांगतेच!

नंदूने पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात केबिन घेतली होती, पुढे थोडी मोकळी जमीन. त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, वर्ध्याकडून सहा महिन्यांसाठी आलेले आणि अपार्टमेंटमध्ये जाम कंटाळलेले. "मी काही पुन्हा येत नाही," असं त्यांनी जाहीरच करून टाकलं. नंदू बिचारा हिरमुसला. मग त्याने ठरवलं, केबिनपुढे राय पेरायची. राय म्हणजे गव्हासारखंच धान्य. कोवळा पाला खायला हरणं येतील, बाबा व्हरांड्यात बसून बघतील आणि पुढच्या वर्षी आपणहून यायचं म्हणतील!

काका ऐकून उडालेच. "काऊन बे, जन्मभर मी हरणं हाकलली, अन् तू त्यायच्यासाठी पेरून राहिला?"

*

मातीचा रिपोर्ट आला. जमीन भलतीच आंबट, आधी चुना घाला! पण चुन्याचा ट्रक केबिनचा चढ चढायला तयार नाही आणि पेरणीचे दिवस तर निघून चाललेले.

"राय आंबट जमिनीतही येते म्हणे," नंदू म्हणाला.

पुण्याचा विवेक लगेच, "नुसत्या 'म्हणे'वर प्रॉडक्शनला जायचं?"

आम्ही गेलो!

*

बियाण्याच्या दुकानातल्या गोऱ्या आजोबांनी नंदूला विचारलं, "हरणांसाठी ना? रायफल कुठली वापरता?"

"आम्ही व्हेजिटेरियन आहोत."

आजोबांनी पोत्याकडे पाहिलं, मग नंदूकडे. "म्हणजे हे तुम्हीच खाणार?"

*

पेरल्याबरोबर काकांनी सवयीने शेतात बुजगावणं उभं केलं. अंगात नंदूचा ऑफिसचा शर्ट, वर टाय! आम्ही हौसेने त्याच्याबरोबर फोटो काढले.

राय उगवली! विरळ, पण हिरवीगार. चुन्याशिवाय! आम्हाला कोण आनंद झाला! हरीण मात्र एकही फिरकेना. वीकेंडमागून वीकेंड गेले, आणि एकदा कॉफी पिता पिता विवेक कपाळावर हात मारून ओरडला, "अरे यार, रेस्टॉरंट उघडलंय आणि दारात वॉचमन ठेवलाय!"

*

शेवटचा रविवार. काकांची फ्लाइट मंगळवारी. बुजगावणं कधीच काढलेलं. व्हरांड्यात आम्ही झाडीकडे डोळे लावून बसलेलो, नंदू नखं खातोय.

संध्याकाळी झाडीतून एक हरिणी आली, मागे दोन पिल्लं. माना खाली घालून चरायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात काका उठले. पायरीपाशी वाकून त्यांनी दगड उचलला.

"बाबा, नको ना!" नंदूचा चेहरा एवढासा झाला.

काकांनी दगड भिरकावला. तो पडला कुंपणापाशी, शेजाऱ्याचा कुत्रा दबा धरून शेतात शिरत होता त्याच्या पुढ्यात!

"हाड!" काका दबक्या आवाजात त्याच्यावर खेकसले. "पंगत बसली, दिसत नाही का बे?"

कुत्रा पळाला. हरणांनी कान टवकारले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. काका खुर्चीत बसले आणि हरणांवरची नजर न काढता म्हणाले, "नंदू, पुढच्या साली मी यायच्या आधी चुना टाकून ठेवजो."