मुग्धाचा स्टरर मी बंद केला

मंडळी, आज आइंडहोवनला मुग्धाच्या लॅबमध्ये गेलो होतो. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, माझी मैत्रीण मुग्धा मात्र तिथेच आहे. दिवा विझवल्यावरही चमकत राहणारे नॅनोक्रिस्टल वाढवते, पेशीत शिरून आतलं दाखवतील इतके बारीक.

ती मान वर करेना. माझं डोकं फिरलं. द्रावण ढवळणारा स्टरर मी खटकन बंद केला. "दोन मिनिटं बोल ना माझ्याशी!"

भांडलो मीच. मग तिने तळाशी बसलेला गाळ पाहिला. "ढवळणं थांबलं, क्रिस्टल मोठे झाले रे. आता पेशीत जाणार नाहीत."

चार दिवसांची मेहनत गेली.

पूर्वीची मुग्धा असती तर माझ्यावर तुटून पडली असती. आज हळूच म्हणाली, "तू जा. मला परत सुरुवात करायचीय."

सायकलवर रडत आलो. उद्या माफी मागायला जाऊ, की तिला निवांत काम करू देऊ?