शाली पांघरलेले कॉम्प्युटर

डबडेवाले सर कोणताही जुना कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी त्याला हुंगायचे. मागची जाळी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि जरा वेळाने निकाल द्यायचा. "मासळीसारखा वास येतोय. आतले कपॅसिटर पाझरलेत. आत्ता वीज दिली तर हा कायमचा जाईल." मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे, घरही शेजारी, त्यामुळे मला या हुंगण्याची सवय झाली होती. नवख्या माणसाला मात्र हसू आवरायचं नाही. सर त्याला हसू द्यायचे आणि पुढच्या यंत्राकडे वळायचे.

सोनईत कॉम्प्युटर फारसा कुणी पाहिलेला नव्हता, तेव्हा सर तो शिकवायला शाळेत आले. पुढे नवी यंत्रं आली आणि जुनी भंगारात काढायचं ठरलं. सरांनी ती टेम्पोत घालून घरी नेली. "पोरं ज्याच्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप करायला शिकली, ते किलोवर विकायचं?" एवढंच म्हणाले. मग कुठे पतसंस्थेची अडगळ निघाली, कुठे साखर कारखान्याच्या ऑफिसातली, कोपरगावचा एक क्लास बंद पडला, की सर टेम्पो घेऊन हजर. गावानं 'डबडेवाले' हे नाव ठेवलं ते तेव्हाच. त्यांच्या शेतात पोल्ट्रीची लांबलचक शेड होती. एका वर्षी रोगानं कोंबड्या गेल्या आणि त्या जागी कॉम्प्युटर आले. मंगलवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "कोंबड्या निदान अंडी तरी देत हुत्या."

"नुसतं ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही, बाई," सर मला सांगायचे. बोर्डावरची बॅटरी पाझरते आणि आजूबाजूचं तांबं खाते. फ्लॉपीवर बुरशी चढते. उंदीर वायरी कुरतडतात. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीची काजळी वाऱ्यावर उडत शेडमध्ये यायची आणि सगळ्यावर काळा थर बसायचा. वीज असेल तेव्हा सर एकेक यंत्र आळीपाळीनं सुरू करायचे, पुसायचे, बंद करायचे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा काजळी. हे काम संपणारं नव्हतंच.

खर्चाला पेन्शन होती आणि दोन गाईंचं दूध होतं. बाकी मदत यायची ती शब्दांची. कुणी पुढारी यायचे, शेड बघून हरखायचे, "सर, हे जिल्ह्याचं भूषण आहे" म्हणायचे, शाल आणि नारळ द्यायचे, फोटो व्हायचा. सर निघताना हळूच विषय काढायचे, "पत्रे बदलायला हवेत." "बघू या, नक्की बघू या," म्हणत गाड्या निघून जायच्या. नारळ वहिनी फोडायच्या आणि शाल सर एखाद्या मॉनिटरवर पांघरायचे. पुढे पुढे निम्मी शेड शालींनी झाकली गेली. "काजळीला कापड बरं आहे," सर म्हणायचे. त्यात टोमणा नसायचा, म्हणून ऐकताना जास्त लागायचं.

एकदा शिंगणापूर रस्त्यावरचा एक हॉटेलवाला आला. त्याला सगळे मॉनिटर हवे होते. "आतलं समदं काढून टाकायचं, सर, अन् पानी भरून मासे सोडायचे. लोकं गाड्या थांबवून बघतील." सरांनी त्याला चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. तो गेल्यावर मी चिडून काहीतरी बोलले. सर बाजेवर बसले होते. "त्याला नावं ठेवू नका, बाई. इतक्या लोकांत त्यानं एकट्यानं भाव तरी विचारला."

त्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप हलायचा, मग सुटलेली वायर जोडायला डाग देताना वितळलेलं कथील भलतीकडेच सांडायला लागलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. मुलगा बंगळुरूला, कॉम्प्युटरमध्येच. तो फोनवर कळवळून म्हणाला, "बाबा, सगळ्याचे फोटो काढून ठेवा आणि जागा मोकळी करा. जिवाला त्रास नको." सरांनी कुणी सांभाळणारं मिळतंय का म्हणून बऱ्याच ठिकाणी विचारून पाहिलं. शेवटी पुण्याच्या एका संग्रहालयाच्या बाई आल्या. सगळं बघून त्या संकोचानं म्हणाल्या, "सर, आमच्याकडे जागा कमी आहे. निवडक तेवढीच नेता येतील."

"न्या," सर म्हणाले. "पण कुठलं कुठून आलं, ते मी सांगतो. तेवढं नोंदवून घ्या."

त्या बाईंनी दिवसभर सरांजवळ बसून त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मी शाळेतून आले तेव्हा टेम्पो भरून झाला होता. सर दोरी ओढून बघत होते, हात थरथरत होता, आणि ड्रायव्हर अदबीनं म्हणत होता, "बसा तुमी, मी आवळतो." उरलेल्या यंत्रांसाठी दोन दिवसांनी सरांनी स्वतःच भंगारवाल्याला फोन केला. तो आला त्या दिवशी सर शेडकडे फिरकले नाहीत. वहिनींनीच सगळं दाखवलं, आणि तो माणूस मॉनिटर आपटायला लागला तसा त्याच्यावर खेकसल्या, "हळू ठेव की! मान्सानं जीव लावलेला हाय त्याला!" त्या शेडमध्ये आता गाईंचा चारा असतो.

सर पुढचा पावसाळा लागायच्या आत गेले. दुपारी पडले होते, ते उठलेच नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीकडे पुण्याला गेले होते. मुद्दाम ते संग्रहालय शोधून काढलं. काचेमागे आमच्या शाळेचा कॉम्प्युटर होता, बंद, पण स्वच्छ. काजळीचा ठिपकासुद्धा नाही. बाजूला एक बटण होतं आणि कानाला लावायचा रिसीव्हर. बटण दाबलं तर सरांचा आवाज. यंत्र कुठून आलं, त्यात काय बिघडायचं, कुठला भाग मिळायला किती फिरावं लागलं, सगळं ते सावकाश सांगत होते. माझ्या मागे एक कुटुंब ताटकळत उभं होतं, तरी मला रिसीव्हर ठेववेना. शेवटी सर एका भागाचं नाव आठवू लागले, ते काही आठवेना. मग लांबून वहिनींचा आवाज आला, "पुरं करा आता. सकाळपासून बोलताय. दमला न्हाई का?"

रिसीव्हरमध्ये नुसती खरखर उरली. मला वाटलं, रेकॉर्डिंग संपलं.

"दमलो गं," सर म्हणाले. "लई दमलो."

संग्रहालयाच्या त्या बाईंनी तेवढं कापलं नव्हतं.