एका कर्णेवाल्याच्या बदल्यात चौघे

अमेरिकेत उत्तर-दक्षिण आपसात लढत होत्या तेव्हाची गोष्ट. व्हरमाँटचा चांभार ओबडाया प्रूएट उत्तरेच्या पलटणीत कर्णा वाजवायला गेला आणि दक्षिणेच्या हाती सापडला. दोन महिन्यांनी जेम्स नदीकाठी कैद्यांची अदलाबदल ठरली, तेव्हा त्याच्यावरूनच दोन्हीकडचे अधिकारी हमरीतुमरीवर आले.

"बाजेवाला म्हणजे साधा शिपाई. एकाला एक," उत्तरेचे मेजर व्हिटकोम म्हणाले.

"अहो, ह्याच्या कोटावर तुमच्याहून जास्त जरीकाम आहे!" दक्षिणेचे कॅप्टन रॅव्हनेल गरजले. "हा लेफ्टनंट. एका लेफ्टनंटाला चार शिपाई, असा ठराव आहे. आमचे चार द्या."

ओबडायाला गुदगुल्याच झाल्या. त्याच्यासाठी जन्मात कोणी भांडलं नव्हतं! तेवढ्यात उत्तरेच्या बोटीवर त्याला दक्षिणेचे चार कैदी दिसले. तापाने फणफणलेले चौघे एकाच घोंगडीत बसले होते.

"मेजरसाहेब, मी लेफ्टनंटच आहे," त्याने ठोकून दिलं.

"कधीपासून रे?"

"तुम्ही हो म्हणालात की तेव्हापासून!"

कॅप्टन खो खो हसत सुटले. मेजरांनी बोटीकडे पाहिलं, मिशीत हसू दाबलं आणि कागदावर सही केली. "चढ बोटीवर, लेफ्टनंट! छावणीत पोचलास की पुन्हा बाजेवाला."

ओबडाया वासरासारखा उधळत काठावरून बोटीला लावलेल्या फळीवर चढला. समोरून चौघे येत होते आणि फळी अरुंद. त्याने एकेकाला मिठीत घेऊन, अलगद फिरवून काठाकडे धाडलं. चौथ्याला सोडताना मात्र स्वतःच धपकन पाण्यात पडला. त्याला वर ओढायला मेजर आणि कॅप्टन, दोघांचेही हात एकदमच पुढे आले.