वाढ्याखालची दोन पोती

पालीच्या गुरांच्या छावणीत शहादेव पुस्तक उघडून बसला की आजूबाजूची माणसं आवाज खाली घेत. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, कडा खळीनं चिकटवलेल्या, वर नाव-गाव काही नाही. म्हातारी वत्सलाबाई दावणीतलं शेण काढून जाता जाता थांबायची. हात पदराला पुसून त्या पुस्तकाला बोटं टेकवायची, बोटं कपाळाला लावायची, आणि मागून येणाऱ्या बायांना सांगायची, की कायद्याचं हाय, सोसायटीचा समदा कायदा त्याच्यात लिव्हलाय. शहादेव मान वर करायचा नाही. कारण त्या घडीला कव्हरच्या आत एक तीन डोक्यांचा राक्षस राजवाड्याच्या जिन्यावर बसून रडत असायचा.

हा नाद जुना. आईबाप ऊसतोडीला खाली जायचे तेव्हा शहादेव कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायचा, आणि कारखान्याच्या कामगार वाचनालयातला शिपाई त्याला फाटकी पुस्तकं न्यायला द्यायचा. बोलणारी झाडं, उडते घोडे, समुद्राच्या तळाशी असलेली शहरं. पुढं लग्न झालं, पोरगं झालं, पोराचंही लग्न झालं. नाद सुटला नाही.

मध्ये एकदा त्याच्या भावकीतल्या आसारामनं त्याला खळ्यावर गाठलं होतं. हातातल्या पुस्तकावर पंखवाल्या परीचं चित्र. आसाराम ते पुस्तक हिसकावून पारावर घेऊन गेला, आणि त्या दिवसापासून गावानं शहादेवला 'परीचा नवरा' म्हणायला सुरुवात केली. रतनबाई, त्याची बायको, पाण्याला गेली की बाया तोंडाला पदर लावून विचारायच्या, "सवत बरी हाय का?" रतनबाई हसून घ्यायची. म्हणायची, बरी हाय, भांडत न्हाई, खायला मागत न्हाई. शहादेवला मात्र हसता आलं नाही. गाव ते नाव विसरलं, पण तोवर त्यानं घरातल्या एकूणएक पुस्तकाला कव्हर चढवलं होतं.

कायदा नंतर आला. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव एकदा बांधाशी मोटरसायकल थांबवून म्हणाले, काय वाचतोस बाबा एवढं? शहादेवच्या तोंडून निघून गेलं, "सहकाराचा कायदा." सुंदररावांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांच्या सोसायटीत कायदा वाचलेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. ते मोटरसायकल न चालू करताच थोडी पुढं ढकलत घेऊन गेले.

म्हणून दुष्काळानं बिंदुसरेच्या धरणाच्या तळाला भेगा पडल्या, सोसायटीनं धरणाखालच्या माळावर गुरांची छावणी घातली, तेव्हा चारावाटपाचं काम कुणाला द्यायचं ह्यावर वाद झालाच नाही. आसारामला ते हवं होतं. पण बायाबापड्याच म्हणाल्या, शहादेवभाऊ पायजेत. कायदा वाचणारा माणूस मापात खोट करायचा न्हाई.

आणि त्यानं केलीही नव्हती. हिरवा चारा इकडं राहिलाच नव्हता. खालच्या कारखान्यांच्या भागातून वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, ट्रकनं आणायचं. रिकामा ट्रक निघतानाच तोलून ठेवलेला. भरून आला की चौसाळ्याच्या काट्यावर पुन्हा चढवायचा, रिकाम्याचं वजन वजा करायचं, राहिलं ते वाढं. त्या वजनावर छावणीतल्या दर जनावराचा वाटा ठरायचा. म्हणून काट्यावर चढण्याआधी ट्रकमधून वरची प्रत्येक वस्तू खाली काढायची, हा नियम शहादेवनंच घातला होता. मागच्या खेपेला त्यानं ड्रायव्हर बंकटचा पाण्याचा कॅनसुद्धा उतरवायला लावला होता.

बंकट चौसाळ्याचा, तरणा पोरगा. तेव्हा तो हसला होता. "मामा, कॅन बैल खात न्हाईत."

"म्हणूनच उतरव," शहादेव म्हणाला होता.

पुढची खेप मार्चमधली. वाढं भरून होईस्तोवर शहादेव तिथल्या गावात चहाला गेला. वाटेत एक बंद पडलेली सहकारी सूतगिरणी होती. तिच्या फाटकाशी रद्दीवाल्याचा हातगाडा उभा, आणि गिरणीच्या वाचनालयातली पुस्तकं बाहेर येऊन गाड्यावर पडत होती. शहादेव नुसता बघत उभा राहिला. तेवढ्यात एक जाड पुस्तक घसरून खाली आलं. पाठीवर अक्षरं होती: 'धूम्रनगरी, भाग तिसरा'.

पहिले दोन भाग त्यानं कोपीवर वाचले होते, मिसरूड फुटायच्या आधी. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर सावली हरवलेली राणी एका दगडी दरवाज्याला हात लावून उभी होती, आणि तिथं पुस्तक संपलं होतं. त्यानंतर त्यानं तिसरा भाग बीडच्या दुकानांत विचारला, जत्रेत विचारला, एकदा एका शाळामास्तरला पत्र लिहायला सांगितलं. मिळाला नाही. दरवाज्याच्या पलीकडं काय असेल ते त्यानं मनानं इतक्या वेळा रचलं होतं, की रतनबाईनं शेवटी सांगून टाकलं, आता उघडलं न्हाई तरी चालंल ते दार.

तिसऱ्याखाली चौथाही निघाला. मग 'मिठाच्या समुद्रातला पक्षी' निघालं, 'आरशातला प्रधान' निघालं. शहादेवनं मनगटावरचं घड्याळ काढून रद्दीवाल्याच्या हातात ठेवलं. वाढ्याची मोळी रचावी तशी दोन पोती भरली, आणि ट्रकच्या तळाशी, फाळक्याजवळ, हिरव्या शेंड्यांच्या खाली सरकवली.

बंकटनं विचारलं, काय हाय ओ मामा?

"सोसायटीचे कागद. कुणाला बोलू नगस."

वाटभर तो केबिनमध्ये बसून क्रम लावत होता. आधी तिसरा भाग, तो आजच. मग पक्ष्याचं पुस्तक, ते जरा पातळ आहे, मधे तोंडी लावायला बरं. प्रधान त्याच्यानंतर. चौथा भाग मात्र लगेच वाचायचा नाही. तो पाऊस पडल्यावर. बाहेर कोळपलेली रानं मागं जात होती, विहिरींवर उलटी पडलेली घागर नि घागर दिसत होती, आणि हा माणूस पाऊस कधी येईल ह्याचा अंदाज चौथ्या भागासाठी बांधत होता. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं काचेबाहेर बघणं सोडलं.

चौसाळ्याला पोती उतरवायची हे त्यानं ठरवलं होतं. पण काट्याशेजारच्या हॉटेलात, बाकड्यावर, बशीतला चहा फुंकत आसाराम बसला होता. त्यानं हात केला. म्हणाला, या कायदेपंडित, वाढं लई आणलं की.

शहादेवचा हात फाळक्याच्या कडीवर होता. पोती उतरवली की आसाराम उठणार. उठला की पोत्याचं तोंड सोडून बघणार. दोन पोत्यांनी काय होतंय, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि बंकटला म्हणाला, चढव काट्यावर. बंकटनं पाण्याचा कॅन आठवणीनं खाली ठेवला आणि ट्रक चढवला.

छावणीत पोचले तेव्हा दुपार होती, माणसं लिंबाखाली पडलेली. शहादेवनं पोती आपल्या खोपीत टाकली. चार वाजता वाटप सुरू झालं. ओळीनं सगळ्यांना ठरल्याप्रमाणं मिळत गेलं. आणि शेवटच्या दावणीशी येता येता वाढं सरलं. शेवटची दावण वत्सलाबाईची. एक गाय, एक गोऱ्हा.

शहादेवनं ट्रकची फळी झाडून पाहिली. मग उगाच पुन्हा झाडली.

"सरलं, काकू," तो म्हणाला.

"वाटंनं वाळलं आसंल," वत्सलाबाई म्हणाली. "तू काय खोटं मापतोस व्हय?" तिनं वर बघितलंही नाही. सरळ आपल्या खोपीकडं गेली, वर शाकारलेलं उसाचं वाळकं पाचट उपसलं, आणि कवळभर गायीपुढं टाकलं. गायीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दिवस मावळायच्या आत शहादेव आपल्या खोपीच्या दाराशी बसला होता. तिसरा भाग त्यानं उघडणार नाही असं ठरवलं होतं. नुसता हातात घेतला. मग नुसतं पहिलं पान. दरवाजा किलकिला झाला होता, राणीला आतून कुणीतरी तिच्याच आवाजात हाक मारत होतं. मागून, शेवटच्या दावणीकडून, वत्सलाबाईची गाय हंबरली. शहादेवनं ऐकलं. नीट ऐकलं. आणि पान उलटलं.

पुढं किती दिवस गेले तरी त्याला बाकी सगळं एक वेळ सोसवलं, हे पान उलटणं सोसवलं नाही.

सकाळी लिंबाखाली माणसं जमली. आसाराम सांगत होता, काट्यावर वजन बरोबर भरलं ते मी डोळ्यांनी बघितलं. मग चौसाळा ते पाली एवढ्यात वाढं पाय फुटून गेलं का? ड्रायव्हरनं ढाब्यावर उतरवलं. सुंदररावांना निरोप गेला होता, ते खुर्चीवर येऊन बसले. बंकटला मधे उभं केलं. तो नुसता न्हाई ओ, न्हाई ओ म्हणत होता. त्यानं एकदा शहादेवकडं पाहिलं. पोत्यांचं नाव त्यानं काढलं नाही. कुणाला बोलू नकोस असं मामा म्हणाले होते.

सुंदररावांनी गळा साफ केला. ते शहादेवकडं वळले, आणि सगळा लिंब त्याच्याकडं वळला.

"तूच सांग बाबा. आम्ही काय बोलावं. आसल्या मानसाचं कायद्यात काय करतेत?"

शहादेवच्या बगलेत कव्हरवालं पुस्तक होतं. त्यानं ते घट्ट दाबलं. एवढंच म्हणायचं होतं, की ह्या वेळी समज देऊन सोडावं असं कायद्यात आहे. लोकांनी ऐकलं असतं. बंकट सुटला असता, चोर म्हणून, पण सुटला असता. ते वाक्य शहादेवच्या जिभेवर आलं होतं.

तो उठला, खोपीत गेला, आणि एकेक करून दोन्ही पोती ओढत लिंबाखाली आणली. सुतळी सोडली. पोतं उलटं धरलं.

पंखांचे घोडे पडले. जटावाला जादूगार पडला. एक राणी कमरेपर्यंत धुरात बुडालेली, ती सुंदररावांच्या बुटाशी येऊन पडली.

"ह्ये व्हतं वाढ्याखाली," शहादेव म्हणाला. "काट्यावर उतरवलं न्हाई. बंकटला म्या खोटं सांगितलं, सोसायटीचे कागद हायती म्हणून."

मग आसारामनं वाकून एक पुस्तक उचललं, चित्र बघितलं, आणि अगदी सावकाश, चवीनं म्हणाला, "आरं, परीचा नवरा."

हसू आधी मागच्या बाजूनं आलं. मग बायांतून. मग सुंदररावांनीही रुमाल तोंडाला लावला. शहादेवला वाटलं होतं शिव्या बसतील, कुणी गचांडी धरेल. त्याची तयारी त्यानं खोपीपासून लिंबापर्यंत येताना केली होती. हसण्याची केली नव्हती. कानाच्या पाळ्या तापल्या. आणि त्यातही त्याचा डोळा पायाशी पडलेल्या तिसऱ्या भागावर गेला, माती लागलेल्या, आणि वाटलं, कुणाचा पाय पडेल. ह्याची त्याला आणखीनच शरम वाटली.

बंकट हसत नव्हता. तो जवळ येऊन हळू म्हणाला, "मामा, म्या आईची आण घेनार व्हतो. कागदच हायती म्हणून."

वत्सलाबाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं सांडलेल्या पुस्तकांकडं पाहिलंच नाही. शहादेवच्या बगलेकडं बोट केलं.

"मंग ह्ये?"

"ह्ये बी तसलंच हाय, काकू."

"म्या पाया पडत व्हते रं."

हसणं थांबलं. तेवढ्यापुरतं.

"काढ तो कागद," ती म्हणाली.

त्यानं कव्हर फाडलं. खळ जुनी होती, सुटता सुटेना, नखानं खरवडावं लागलं. आतून तो तीन डोक्यांचा राक्षस निघाला, जिन्यावर बसलेला. वत्सलाबाईनं पुस्तक दोन्ही हातांनी धरून लांब नेलं, जवळ आणलं.

"ह्यो कावून रडतोय?"

शहादेवला ठाऊक होतं. पण गायीपुढं पाचट टाकलेल्या बाईला राक्षसाचं दुःख सांगायला त्याचं तोंड उघडेना.

"बरं, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाच तू. पर आता त्याला कागद घालू नगस. आनि माझ्या खोपीवर पाचट घालून दे."

वाटपाचं काम आसारामकडं गेलं. शहादेवला सुंदररावांनी फाटकाशी बसवलं, येणारी-जाणारी जनावरं बघायला. त्यानं त्याच दिवशी आपल्या खोपीचं पाचट काढून वत्सलाबाईची खोपी शाकारली आणि स्वतः उन्हाखाली राहिला. आपल्या एकुलत्या म्हशीचा त्या दिवशीचा वाटा तिच्या दावणीत नेऊन टाकला. तिनं तो ठेवून घेतला, आणि बरं केलंस म्हणाली नाही.

फाटकातून आत जाणाऱ्याला शहादेव ओलांडावाच लागायचा. बंकट ट्रक घेऊन आला की आधी कॅन दाखवायचा, मग हळूच विचारायचा, आज कोण हाय मामा, घोडा का राणी? पोरीबाळी पुढ्यात येऊन उभ्या राहायच्या, चित्र बघायच्या, खिदळत पळायच्या. आसाराम रोज नवं काहीतरी बोलायचा. शहादेव पुस्तक आडवं करायचा नाही, मांडीत लपवायचा नाही. चित्र बाहेर करून, सरळ धरून वाचायचा. कान मात्र रोज तापायचे.

तिसरा भाग संपला. चौथा शेजारीच पोत्यात सुतळी बांधून ठेवलेला होता, पावसासाठी. ज्येष्ठात एकदा धरणाच्या अंगाला काळं भरून आलं. छावणीतली सगळी माणसं दावणीतून उठून बाहेर आली, हात जोडून वर बघत राहिली. शहादेवही उठला, वर बघितलं, आणि त्याचा हात आपोआप पोत्याकडं गेला. त्यानं तो मागं घेतला. वत्सलाबाई पलीकडून त्याच्याकडंच बघत होती.