तंबूला उगवलेली लव

तंबूला केस उगवतात. मला हे माहीत नव्हतं.

मे महिन्यात मी साडूंचा तंबू मागून आणला (हौस!), अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एक रात्र काढली आणि ओलाच गुंडाळून माळ्यावर फेकला. दिवाळीनंतर सुधीररावांचा फोन. "शनिवारी ट्रेकला निघतोय, सकाळी तंबू न्यायला येतो." सुधीरराव म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. छत्रीसुद्धा पुसून, पावडर लावून ठेवणारा माणूस! सासरी माझी जी थोडीफार पत उरली होती, ती त्या तंबूच्या पिशवीत होती.

पिशवी उघडली तर आत हिरवी-काळी लव! वास थेट स्वयंपाकघरात पोचला.

"अहो, काय मेलंय?"

"तुझ्या भावजींचा तंबू. मशीनमध्ये टाकू?"

"खबरदार! चिरफाळ्या होतील. आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, मग साबण आणि मऊ ब्रश. आणि कडकडीत सुकल्याशिवाय घडी घालायची नाही. आयुष्यात मच्छरदाणी तरी धुतलीत कधी?"

(नव्हती. मऊ ब्रश म्हणून मी तिचाच टूथब्रश वापरला. तिला अजून माहीत नाही.)

शुक्रवारी सकाळी आमच्या बोळिंजच्या सोसायटीच्या गच्चीवर तंबू उभा केला. वरचं कापड दोरीवर टाकलं, आतली जाळीची खोली उन्हात. सेक्रेटरी वर आले. "काय हो, वहिनींनी घराबाहेर काढलं?" मी हसलो. लव गेली होती, मला कोणीही काहीही बोललं असतं तरी चाललं असतं.

ऑफिसला निघताना तिसऱ्या मजल्यावरच्या मथुरामावशी भेटल्या. माहेर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं, आवाज भरतीचा.

"मावशी, तंबूवर जरा लक्ष ठेवा हं. उद्या सकाळी काढतो."

"ठेवतं की! माजं पन थोडं आत सुकवू काय रं?"

"घाला की, मावशी!" मला वाटलं, पापड असतील.

शनिवारी सकाळी सुधीररावांचा फोन आला, "गेटवर आहे." मी गच्चीवर धावलो. तंबूत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जवळा (बारीक सुकी कोळंबी) पसरलेला! बाहेर सोसायटीची झाडून सगळी मांजरं जाळीला नाक लावून बसलेली.

"काय झ्याक जागा हाय रं!" मावशी खूश. "जाली हाय, कावला येत नाय, मांजर येत नाय. चेन लावली का काम झालं!"

जवळा सुपात भरला. तंबू झटकला, अगरबत्ती फिरवली, बायकोची मोगऱ्याची पावडर अख्खी ओतली. आता वास जवळ्याचा आणि मोगऱ्याचा, दोन्ही जोरात! आणि सुधीरराव पक्के शाकाहारी, अंड्याचा केकही न खाणारे.

त्यांनी शिवण न् शिवण तपासली. बुरशीचा ठिपका नाही. मग हुंगलं.

"हा कसला वास?"

"बुरशीवरचं औषध," मी म्हणालो. "समुद्री."

"वा! तुम्ही इतकी काळजी घ्याल असं वाटलं नव्हतं."

आयुष्यात प्रथमच साडूंनी माझी पाठ थोपटली. ती शाबासकी रविवार संध्याकाळपर्यंत टिकली. दारात सुधीरराव उभे, डोळे तांबारलेले, हातात तंबू. पायथ्याच्या गावातल्या एकूण एक कुत्र्यांनी रात्रभर त्यांच्या तंबूला वेढा घातला होता म्हणे!

"हा तुम्हीच ठेवा," एवढंच बोलून ते जिना उतरले.

आता तंबू आमचा आहे. गच्चीवर मावशींच्या ताब्यात असतो, सदा उन्हात, बुरशीची काय टाप! सासरची उरलीसुरली पतही गेली म्हणून मी हळहळलो, तर बायको म्हणाली, "उगाच रडू नका. आता निदान तंबूत काहीतरी कामाचं असतं. आधी तुम्ही होतात."