विनाशिकेला हळदकुंकू

जन्म नागपूरचा, घर अमेरिकेतल्या पार्सिपनीत आणि वेड लढाऊ जहाजांचं, असे आमचे विष्णू वैरागडे. आयटीतून रिटायर झाले आणि थेट बेसमेंटमध्ये जाऊन बसले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सने बांधलेली ‘ल तेरीब्ल’ या विनाशिकेची प्रतिकृती ते तीन वर्षं लाकूड आणि पितळी पत्र्यातून घडवत होते. चाचणीत खरी बोट ताशी पंचेचाळीस सागरी मैलांच्या वर पळाली होती, हे प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकावं लागे. मालिनीकाकू तिला सरळ सवत म्हणत.

मॉडेल क्लबच्या स्पर्धेत विष्णू दोनदा दुसरे आले होते. यंदा पहिला नंबर हवाच होता, अगदी लहान मुलासारखा हवा होता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. संध्याकाळी विष्णू खाली गेले आणि दिवा लावला. पक्कड, कटर, ब्रश सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. आणि बोटीच्या करड्या नाकावरही! ओल्या कापसाने पुसायला गेले, तर हळद आणखी पसरली.

“अगं, हे काय करून ठेवलंस? उद्या सकाळी जजिंग आहे!”

काकू दारातच थबकल्या. “अवजारं पुजायला आले होते. मग वाटलं, जिच्यासाठी ही सगळी राबली, तिलाच कसं वगळायचं?”

विष्णूंनी उघडलेली रंगाची बाटली तशीच बंद केली. राग कुठल्या कुठे गेला.

सकाळी पिकल्या दाढीच्या परीक्षकांनी भिंग लावून तोफा मोजल्या, शिड्या पाहिल्या. “अप्रतिम. फक्त हा डाग काढा. ग्रे स्प्रे आहे माझ्याकडे, वीस मिनिटांचं काम. नाहीतर मार्क कापावे लागतील.”

“करून टाका हो,” काकू कानाशी पुटपुटल्या. “मला काही वाटणार नाही.”

“मला वाटेल,” विष्णू म्हणाले. मग परीक्षकांकडे वळून इंग्रजीत ठणकावलं, “तो डाग नाही. माझ्या बायकोने केलेली पूजा आहे. खुशाल कापा मार्क.”

नंबर पुन्हा दुसराच आला. विष्णूंना वाईट वाटलं, नाही असं नाही. गाडीची डिकी उघडून ते बोट ठेवायला गेले, तर काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. पुढच्या सीटवर बसून घरापर्यंत त्यांनी ती मांडीवर धरली होती.